सेस्ना १७२ चा आवाज बसवताना

फ्लाइट सिम्युलेटरमधल्या सेस्ना १७२ या छोट्या विमानाला आवाज देताना एकाच रेकॉर्डिंगचा पिच, म्हणजे स्वराची उंची, आरपीएमप्रमाणे (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांप्रमाणे) वरखाली केला, की विमान खेळण्यातलं वाटायला लागतं. इंजिनाचे ठोके आरपीएमबरोबर वाढतात, पण एक्झॉस्ट पाइप आणि काउलिंगचा (इंजिनावरच्या आवरणाचा) घुमारा जागचा हलत नाही. म्हणून मी ८०० पासून २७०० आरपीएमपर्यंतचे वेगवेगळे तुकडे घेऊन एकमेकांत मिसळतो.

सेस्नाची खरी गंमत पुढे आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन, त्याला थेट जोडलेला दोन पात्यांचा पंखा. २७०० आरपीएमला दोघांचेही ठोके सेकंदाला ९०च. त्यामुळे लूपचा, म्हणजे पुन्हापुन्हा वाजणाऱ्या तुकड्याचा, सांधा किंचित जरी चुकला तरी हेडफोनमध्ये सगळी गुरगुर हेलकावते. हा सांधा जुळवत तासन्‌तास बसायला मला मनापासून आवडतं. विमान बाहेरून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात मात्र पंखाच वरचढ हवा. बरेच जण तिथेही इंजिनच वाढवून ठेवतात.