तिसऱ्यांची कवचं, आम्ल आणि आधी संपणारा पदार्थ

तिसऱ्यांचं सुकं झालं की परसात पडतात ती कवचं म्हणजे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात पूर्वी हीच भाजून चुना करत. लिमिटिंग रिएजंटचं, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणाऱ्या पदार्थाचं, गणित समजून घ्यायला याहून हाताशी असलेला पदार्थ नाही.

कॅल्शियम कार्बोनेट + 2 हायड्रोक्लोरिक आम्ल → कॅल्शियम क्लोराइड + पाणी + कार्बन डायऑक्साइड

धुऊन वाळवलेल्या कवचांची पूड 25 ग्रॅम घेतली आणि तिच्यात 96 टक्के कार्बोनेट धरलं, तर ते झालं 24 ग्रॅम. मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं (कण मोजायच्या ठराविक गठ्ठ्याचं) वजन, 100 ग्रॅम, म्हणून 0.24 मोल. आम्ल 2 मोलर (लिटरमागे 2 मोल), 200 मिली; आधी लिटर करायचे, मग 0.2 × 2 = 0.40 मोल.

मुलं घसरतात ती इथेच. 0.24 हा आकडा लहान दिसतो, म्हणून पूड आधी संपेल असं लिहून मोकळी होतात. पण 24 होड्या आहेत, वल्ही 40, आणि होडीला वल्ही लागतात दोन. पाण्यात 20 होड्या जातील, चार वाळूतच राहतील. म्हणून मोल सहगुणकाने, म्हणजे समीकरणात पदार्थाआधी येणाऱ्या आकड्याने, भागायचे: 0.24 ÷ 1 = 0.24, आणि 0.40 ÷ 2 = 0.20. आधी संपणार ते आम्ल.

वायू 0.20 × 44 = 8.8 ग्रॅम. पुडीवरून काढला असता तर 10.56 आला असता, साफ चूक. पडताळा कधीही टाळू नये: आत गेले कार्बोनेट 24 + आम्ल 14.6 = 38.6 ग्रॅम, बाहेर वायू 8.8, क्लोराइड 22.2, पाणी 3.6 आणि उरलेलं कार्बोनेट 4. बेरीज तीच.

प्रत्यक्षात चंबू काट्यावर ठेवून वजन किती घटलं ते बघतात. पूड एकदम ओतली तर फेसाबरोबर थेंब उडतात आणि घट जास्त दिसते. तोंडाशी कापसाचा सैल बोळा हवाच. थोडा वायू पाण्यात विरघळून राहतो, त्याने घट कमी दिसते.

पावसाळ्यात पूड ओल धरते, तेव्हा उत्तर बिघडेल अशी भीती वाटते. इथे नाही बिघडत: कार्बोनेट 20 ग्रॅमपर्यंत उतरलं तरी वायू 8.8 ग्रॅमच. आम्ल मात्र 10 मिली कमी पडलं, तर तो थेट 8.36 वर येतो. तेव्हा जास्त काळजी घ्यायची ती मेजपात्राची.