बिझनेस इंग्रजी स्वाभ्यास, नोंद तिसरी: शब्द पुरेसे झाले, आता जोड्या

शब्दसंग्रहाचा पाया आता झाला आहे असे मानून ही नोंद लिहीत आहोत. त्यासाठी दोन मोफत याद्या वापरल्या. एक सुमारे २८०० शब्दांची न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट आणि दुसरी तिला पूरक, सुमारे १७०० शब्दांची बिझनेस सर्व्हिस लिस्ट. या दोन्हींतले बहुतेक शब्द वाचताना ओळखू येत असतील, तर नव्या शब्दांमागे धावणे इथेच थांबवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. 'लेव्हरेज', 'सिनर्जी', 'पॅराडाइम' असल्या शब्दांनी कोणाचे मेल सुधारत नाहीत. मेल अडतो तो 'इन्व्हॉइस'पुढे कोणते क्रियापद लावायचे, इथे. शब्द ओळखीचा आहे, पण त्याचा सोबती माहीत नाही.

म्हणून या टप्प्यात दोनच कामे घेतली: शब्दांच्या जोड्या पक्क्या करणे, आणि मराठीची घडण जिथे इंग्रजी वाक्याला आपल्याकडे ओढते त्या जागा हेरणे.

कार्डांची नवी रचना

अँकी या उजळणी-कार्डांच्या अ‍ॅपमध्ये आधी एका बाजूला इंग्रजी शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी अर्थ अशी कार्डे होती. ती सगळी बाजूला काढली. अशा कार्डाने ओळख पक्की होते, वापर होत नाही. आता कार्ड म्हणजे कामावरचे एक पूर्ण वाक्य, त्यात क्रियापदाची जागा रिकामी, आणि वर मराठीत फक्त प्रसंग. उदाहरणार्थ, प्रसंग: 'पुरवठादाराने बिल पाठवले'. वाक्य: 'द व्हेंडर हॅज ___ ॲन इन्व्हॉइस फॉर द सेकंड लॉट.' उत्तर: 'रेज्ड' किंवा 'इश्यूड'. प्रसंगाऐवजी शब्दाचा अर्थ लिहिलात तर मेंदू पुन्हा भाषांतराच्या रुळावर जातो.

जोडी खरी आहे की आपल्या मनची, हे स्केच इंजिन या शब्दवापर शोधण्याच्या साधनाच्या 'स्केल' या मोफत पानावर तपासता येते. नाम टाका, 'वर्ड स्केच' उघडा, आणि ते नाम ज्या क्रियापदांचे कर्म आहे तो रकाना पाहा. 'डेडलाइन'ला 'मीट' आणि 'मिस', 'ॲग्रीमेंट'ला 'रीच', 'कॉन्ट्रॅक्ट'ला 'ड्रॉ अप', 'मिनिट्स'ला 'टेक', 'ऑर्डर'ला 'प्लेस'. क्रियापदामागून काय येते तेही त्याच कार्डावर घ्या: 'फॉलो अप ऑन', 'साइन ऑफ ऑन', 'कम्प्लाय विथ', पण 'डिस्कस'नंतर काहीच नाही. 'त्याबद्दल चर्चा करू' हे डोक्यात असल्यामुळे 'डिस्कस अबाउट' हाताखालून निसटते.

रोज नवी कार्डे १० पुरेत. नव्या कार्डांच्या साधारण सात ते दहा पट उजळणी रोज समोर येते, हा ढोबळ हिशेब धरा. २० नवी घेतलीत तर काही आठवड्यांत उजळणीचाच डोंगर होतो आणि लोक अ‍ॅप बंद करतात. २०२३ पासून अँकीत एफएसआरएस ही नवी वेळापत्रक-पद्धत आहे. ती सुरू करून अपेक्षित स्मरण, म्हणजे उजळणीच्या वेळी किती कार्डे आठवावीत ते प्रमाण, ९० टक्क्यांवरच ठेवावे. ९५ केले की उजळणी फार वाढते आणि हाती येणारे फळ थोडे. आठ वेळा चुकलेल्या कार्डावर अँकी 'लीच' अशी खूण करते. ते कार्ड घोकत बसू नका. बहुतेक वेळा त्यात दोन गोष्टी एकदम विचारलेल्या असतात. कार्ड मोडून दोन करा.

मराठी कुठे ओढते

या टप्प्यातला सर्वांत मोलाचा भाग हा. चुकांची वही ठेवा, पण 'चूक आणि बरोबर' असे दोन रकाने पुरत नाहीत. तिसरा रकाना हवा: ही चूक कोणत्या मराठी वाक्यातून आली. तो भरू लागलो की दिसते, शेकडो चुका मोजक्याच मुळांतून फुटतात.

पहिले मूळ 'पर्यंत'. 'शुक्रवारपर्यंत पाठवतो' आणि 'शुक्रवारपर्यंत रजेवर आहे' या दोन्हींत मराठीला एकच शब्दयोगी अव्यय चालते. इंग्रजीत पहिल्याला 'बाय फ्रायडे', कारण काम त्या मुदतीच्या आत एकदा व्हायचे आहे. दुसऱ्याला 'अनटिल फ्रायडे', कारण स्थिती तोवर चालूच राहते. 'आय विल सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे' वाचून परदेशातला सहकारी गोंधळतो, आणि गोंधळ मुदतीबद्दल असतो, म्हणून महाग पडतो. याच मुळाची दुसरी फांदी: 'तो मंजुरी देत नाही तोपर्यंत' मधले 'नाही' इंग्रजीत जात नाही. 'अनटिल ही डझन्ट अप्रूव्ह' चूक, 'अनटिल ही अप्रूव्ज' बरोबर.

दुसरे 'पासून'. 'दोन वर्षांपासून' आणि 'मार्चपासून' दोन्ही मराठीत सारखेच दिसतात. कालावधी असेल तर 'फॉर टू इयर्स', सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स मार्च'. आणि दोन्हींबरोबर क्रियापद 'हॅव बीन वर्किंग'. 'आय ॲम वर्किंग हिअर सिन्स टू इयर्स' या एका वाक्यात या मुळाच्या दोन चुका एकत्र आहेत.

तिसरे, 'आहे' जोडलेला भूतकाळ. 'मी काल फाइल पाठवली आहे' हे मराठीत निर्दोष. इंग्रजीत 'येस्टरडे', 'लास्ट वीक', 'ॲट टेन' असा संपलेला काळ नावाने आला की 'हॅव' गळते: 'आय सेंट द फाइल येस्टरडे.' काळ न सांगता फक्त आता काम झालेले आहे एवढेच सांगायचे असेल तर 'आय हॅव सेंट द फाइल.' मेल पाठवण्याआधी 'हॅव' शोधून त्याच वाक्यात तारीख किंवा वार आहे का, एवढे पाहिले तरी ही चूक जवळजवळ नाहीशी होते.

चौथे 'कडून'. 'माझ्याकडून फाइल डिलीट झाली' हे आपल्याकडे सौम्य आणि सभ्य. त्याचे 'द फाइल गॉट डिलीटेड फ्रॉम माय साइड' झाले की समोरच्याला कळत नाही, तुम्ही डिलीट केली की तुमच्या संगणकावर आपोआप झाली. 'आय ॲक्सिडेंटली डिलीटेड द फाइल. आय हॅव ऑलरेडी रिस्टोअर्ड इट.' कर्ता स्पष्ट, उपाय लगेच पुढे.

नकारार्थी प्रश्नांना स्वतंत्र सराव द्या. 'मेल मिळाला नाही का?' याला 'हो, नाही मिळाला' हे मराठीत ठीक. कॉलवर 'यू हॅवन्ट रिसीव्ह्ड इट?' याला नुसते 'यस' म्हटले की काहींना वाटते मिळाला, काहींना वाटते नाही मिळाला. नियम सोपा ठेवला आहे: नकारार्थी प्रश्नाला एकट्या 'यस'ने किंवा 'नो'ने उत्तर द्यायचेच नाही. 'नो, आय हॅवन्ट रिसीव्ह्ड इट' हे पूर्ण वाक्य.

'अ' आणि 'द' मात्र सावकाश सुधारतात. मराठीत हे काम संदर्भ करतो, त्यामुळे कानाला उणीव जाणवतच नाही. उपयोगी पडलेला व्यायाम असा: १५० शब्दांचा एखादा चांगला इंग्रजी परिच्छेद घ्या, त्यातले सगळे 'अ', 'ॲन', 'द' पुसा, एक दिवस जाऊ द्या, मग भरा आणि मूळाशी ताडून पाहा. 'आय हॅव अटॅच्ड अ रिपोर्ट' म्हणजे कुठलासा अहवाल, 'द रिपोर्ट' म्हणजे तुम्ही मागितलेला तो. गळलेल्या 'द'इतकेच जादा 'द' सापडतात, विशेषतः 'द कस्टमर्स वॉन्ट लोअर प्राइसेस' अशा सर्वसाधारण विधानांत. शिवाय 'फीडबॅक', 'इन्फर्मेशन', 'इक्विपमेंट', 'सॉफ्टवेअर', 'ॲडव्हाइस' यांना 'अ' नाही आणि 'एस'ही नाही.

मेल

'काइंडली डू द नीडफुल' याला चूक म्हणून हिणवणे आम्हाला मान्य नाही. भारतीय कार्यालयांत ती रुळलेली भाषा आहे आणि इथे सर्वांना कळते. तिचा खरा दोष वेगळा: नेमके काय करायचे हे ती सांगत नाही. 'रिव्हर्ट'चा धोका अधिक मोठा. सॉफ्टवेअरच्या कामात 'रिव्हर्ट' म्हणजे केलेला बदल मागे घेणे. 'प्लीज रिव्हर्ट' वाचून कोणी कोड मागे घेतला तर दोष त्याचा नाही. 'रिप्लाय' लिहावे.

आधीचे वाक्य: 'विथ रेफरन्स टू द ट्रेलिंग मेल, काइंडली डू द नीडफुल ॲट द अर्लिएस्ट अँड रिव्हर्ट बॅक.'

नंतरचे: 'कुड यू अप्रूव्ह द अटॅच्ड कोटेशन बाय थर्सडे, फाइव्ह पी.एम. युवर टाइम? द व्हेंडर्स प्राइस इज व्हॅलिड अनटिल फ्रायडे.'

काय करायचे, कधीच्या आत, कोणाच्या घड्याळाने आणि का, हे चारही दोन वाक्यांत आले. 'ईओडी' ('एंड ऑफ डे') टाळा, कोणाचा दिवस ते कळत नाही. लंडनशी आपला फरक उन्हाळ्यात साडेचार तास, हिवाळ्यात साडेपाच. अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या काळात तिघांच्या बैठकीची वेळ हमखास चुकते. तारीख लिहिताना महिना अक्षरांत: '५ जून'. नुसत्या आकड्यांत ती अमेरिकेत ६ मे होते.

आदराचा मुद्दा बारकाईने समजून घेण्यासारखा आहे. मराठीत 'पाठवा', 'पाठवाल का' यांत आदर क्रियापदाच्या रूपातच असतो. इंग्रजी क्रियापदात ती सोय नाही, आणि आज्ञार्थापुढे 'प्लीज' लावले तरी आज्ञा ही आज्ञाच राहते. ते ओझे 'कुड यू', 'वुड यू माइंड सेंडिंग', 'वुड इट बी पॉसिबल टू' यांनी उचलायचे. उलट 'यू आर रिक्वेस्टेड टू' नोटिशीसारखे वाटते.

आकड्यांचे कार्ड वेगळे ठेवा: १० लाख म्हणजे १ मिलियन, १ कोटी म्हणजे १० मिलियन, १०० कोटी म्हणजे १ बिलियन. बाहेरच्यांना लिहिताना स्वल्पविरामही त्यांच्या जागी: १२,३४,५६७ नव्हे, १,२३४,५६७.

खरे मेल कसे लिहिले जातात ते पाहायचे असेल तर एन्रॉनचा संग्रह आहे. त्या कंपनीच्या चौकशीत अमेरिकेच्या ऊर्जा नियामकाने २००३ मध्ये तो खुला केला. सुमारे १५० जणांचे सुमारे ५ लाख मेल. माणसांची खासगी पत्रे वाचण्यासाठी तो उघडू नये. एखादा वाक्प्रयोग शोधून त्याच्या मागेपुढे काय येते एवढेच पाहावे.

ऐकणे आणि बोलणे

ऐकण्यासाठी सर्वोत्तम मोफत साहित्य आपल्या शेअर बाजाराने दिले आहे. तिमाही निकालांनंतर कंपन्या विश्लेषकांशी बोलतात. सेबीच्या नियमांमुळे सूचीबद्ध कंपन्यांना त्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण आणि लिखित प्रत, दोन्ही संकेतस्थळावर ठेवावे लागतात. टीसीएस किंवा इन्फोसिसच्या गुंतवणूकदारांच्या पानावर जा. सुरुवातीचे वाचून दाखवलेले निवेदन सोडून थेट प्रश्नोत्तरांवर या. ९० सेकंदांचा तुकडा निवडा, लिखित प्रत न पाहता दोनदा ऐका, मग थांबवत थांबवत लिहून काढा आणि प्रतीशी ताडा. सुटलेले शब्द अवघड नसतात. 'ऑफ', 'हॅव', 'टू' असे दबके शब्द आणि क्रियापदांच्या शेवटचा 'ड' सुटतो. तेच लाल करा. शेवटी वक्त्याच्या पाठोपाठ अर्ध्या सेकंदाने तोच तुकडा बोला.

मराठी उच्चारात प्रत्येक अक्षराला जवळपास सारखा भार मिळतो. इंग्रजीत एकावर जोर आणि बाकीची दबलेली. 'डेव्हलप', 'प्रोसीजर', 'ॲनॅलिसिस', 'एक्झिक्युटिव्ह' यांत जोर दुसऱ्या अक्षरावर. 'इन्क्रीज' नाम असताना पहिल्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर. 'थर्टीन' आणि 'थर्टी' यांची गल्लत फोनवर नेहमीची, म्हणून भाव सांगताना 'थर्टीन, वन थ्री' असे म्हणावे.

ओघासाठी ४-३-२. एकच विषय, उदाहरणार्थ आठवड्याचा कामाचा आढावा, आधी चार मिनिटांत, मग तीन, मग दोन मिनिटांत सांगायचा, दर वेळी नव्या ऐकणाऱ्याला. मजकूर तोच राहतो, त्यामुळे मन शब्द शोधण्यातून मोकळे होते. फक्त मजकूर नवा घेऊ नका आणि मध्येच दुरुस्त्या करू नका. दुरुस्ती मागाहून, वहीत.

सध्या हातात: वाटाघाटीतले 'तर'

पुढच्या टप्प्याची कार्डे बनवणे सुरू आहे, आणि इथेही 'तर' आडवे येते. 'तुम्ही ऑर्डर वाढवलीत तर आम्ही सूट देऊ' यात मराठी भूतकाळाचे रूप वापरते, पण अट खरी, बोलणे पक्के. इंग्रजीत भूतकाळाचे रूप आले की बोलणे नुसते चाचपणीचे होते. 'इफ यू इन्क्रीज द ऑर्डर, वी विल रिड्यूस द प्राइस' हा शब्द दिल्यासारखा. 'इफ यू इन्क्रीज्ड द ऑर्डर, वी कुड लुक ॲट द प्राइस' म्हणजे अजून हात मोकळे. आणि 'इफ यू विल इन्क्रीज' यातले 'विल' काढायचे, ते दुसऱ्या अर्ध्या वाक्यातच शोभते. प्रत्येक प्रसंगाची दोन कार्डे करत आहोत, एक वचनाचे आणि एक चाचपणीचे, आणि वरच्या प्रसंगात दर वेळी लिहीत आहोत की भाव अजून ठरलेला आहे की नाही.