पासवर्ड माझाच निघाला

आमच्या गटातले सहाजण पुणे, नाशिक आणि रत्नागिरी येथे आपापल्या घरून काम करतात; कोणाच्या लॅपटॉपवर कोणती जुनी पायथन पॅकेजेस (पायथन या प्रोग्रामिंग भाषेतले तयार कोडचे संच) पडून आहेत, हे आज एकेकाकडून पिप-ऑडिट (पॅकेजेसमधल्या ज्ञात सुरक्षा-त्रुटी शोधणारे साधन) चालवून घेतले तेव्हाच कळले. एकाकडे पायवायएएमएल (वायएएमएल प्रकारच्या फाइली वाचणारे पॅकेज) ५.३.१ होते; ५.४ च्या आधीच्या या आवृत्तीत बाहेरून आलेली फाइल त्यातल्या फुल-लोड या फंक्शनने वाचली, तर तिच्यात दडवलेला कोड चालू शकतो. आवृत्ती दोन मिनिटांत बदलली. मग बँडिटने (पायथन कोडमधल्या सुरक्षा-चुका शोधणाऱ्या साधनाने) एका स्क्रिप्टच्या चौदाव्या ओळीतला उघडा पासवर्ड दाखवला, आणि ती स्क्रिप्ट (सकाळपासून इतरांना शिस्त शिकवणाऱ्या) माझीच निघाली. नुसती ओळ पुसून भागत नाही, कारण गिटच्या (कोडमधले बदल नोंदवून ठेवणाऱ्या प्रणालीच्या) इतिहासात ती तशीच राहते. म्हणून पासवर्डच बदलला. वीज गेल्यामुळे रत्नागिरीची तपासणी उद्यावर गेली आहे.