परिशिष्ट ब

१४ मे, रात्री

सरांनी पेपरचा नवा मसुदा पाठवला. उघडून बघते तर परिशिष्ट ब लिहून तयार. डेड टाइमचं, म्हणजे एक नोंद घेताना उपकरण आंधळं असतं त्या वेळाचं गणित. माझं परिशिष्ट. पुण्याच्या त्या नव्या मुलाने केलंय, आणि नीटनेटकं केलंय, आकृत्यांसकट. मेलमध्ये सरांची एकच ओळ, तब्येत सांभाळून जमेल तेव्हा नजर टाक.

राग यायला हवा होता. आला नाही. हायसं वाटलं. दुपारपासून तेच घोळतंय डोक्यात.

राग आला असता तर परवडलं असतं. रागाचं काय करायचं ते मला ठाऊक आहे. जर्मनीचं फिसकटलं तेव्हा चांगला महिनाभर पुरला होता. पण हायसं? ज्या कामासाठी रात्री जागवल्या, घरच्यांची बोलणी खाल्ली, ते कुणी परस्पर उचलून नेलं आणि मला आधी काय वाटावं, तर सुटले बाई!

सकाळी आई आणि काकू खळ्यात रातांबे फोडत होत्या. आगळात बुडवलेली सालं पुन्हा उन्हात घालायची, पुटावर पूट चढवायचं, वळीव यायच्या आत सगळं आवरायचं, म्हणून नुसती धांदल. मी ओटीवर, लांब बाह्या, तोंडाला सनस्क्रीन, बिया वेगळ्या काढायला. आंबटाने पेरं अशी चुरचुरतात की सांध्यांचं दुखणं तेवढा वेळ वेगळं ओळखू येत नाही. हा एक फायदाच. माटवावरचे झाप विरळ झालेत, कवडसे थेट पायरीवर येतात. कवडसा सरकला की मी पाय ओढून घेते. काकूंना वाटतं मुंग्या आहेत.

ज्या फोटॉनांवर, उजेडाच्या कणांवर, माझी पीएचडी झाली, ते शंभर किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे एक लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या घरातले. ते जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वातावरण त्यांना वरच अडवतं. म्हणून तर २०१५ साली श्रीहरिकोट्याहून अ‍ॅस्ट्रोसॅट हा दुर्बिणींचा उपग्रह साडेसहाशे किलोमीटरवर न्यावा लागला. आणि ज्याच्यापायी माझ्या गालांवर चट्टे उठतात, ताप भरतो, आठवडा वाया जातो, तो उन्हातला अतिनील फोटॉन जेमतेम चार इलेक्ट्रॉन व्होल्टचा. पंचवीस हजार पटींनी किरकोळ! वैर घ्यायचं तर बरोबरीच्याशी तरी घ्यावं. पण ल्युपसला, शरीर स्वतःवरच उलटतं त्या माझ्या दुखण्याला, कसली आलीय प्रतिष्ठा.

असो. परिशिष्टाकडे येते.

डिटेक्टरवर एक फोटॉन आदळला की तो नोंदवायला त्याला थोडा वेळ लागतो, मायक्रोसेकंदांचा हिशेब. तेवढ्यात दुसरा आला तर तो गळतो. हा त्यातला सरळ प्रकार. दुसरा खाष्ट. मधल्या वेळात नवा फोटॉन आला की वाट बघणं पहिल्यापासून सुरू. आमची आजी नारळ मोजताना कुणी हाक मारली की पुन्हा एकपासून सुरुवात करायची. सारख्या हाका मारत राहिलं तर तिन्हीसांजेपर्यंत मोजणी पुरी व्हायची नाही. तसंच हे. उजेड वाढेल तशा नोंदी आधी वाढतात, एका टोकाला पोचतात आणि तिथून चक्क उतरायला लागतात. स्रोत जितका भडक, तितका कागदावर मंद. खरे डिटेक्टर या दोन प्रकारांच्या मधे कुठेतरी बसतात. एरवी हे गणित कुणी फारसं मनावर घेत नाही. पण ९ ऑक्टोबर २०२२ चा तो गॅमा किरणांचा स्फोट आला, सुमारे १९० कोटी वर्षांपूर्वी निघालेला उजेड, आणि कित्येक उपग्रहांवरची उपकरणं दिपून गेली. तेव्हापासून गळलेलं किती, हे शोधणं हाच एक उद्योग होऊन बसलाय.

गोम अशी की त्या खाष्ट प्रकारात एकाच नोंदीची दोन उत्तरं निघतात. समीकरण सोडवायला लॅम्बर्टचं डब्ल्यू फंक्शन लागतं आणि त्याला तिथे दोन वास्तव शाखा आहेत. एक सांगते स्रोत बेताचा आहे. दुसरी सांगते डोळे फोडणारा आहे. आकडा तोच.

काकू सकाळी म्हणाल्या, "आज बरी दिसतेस गो." मी नुसती बसले होते. बरी असते तेव्हाही मी नुसती बसते आणि पाण्याचा तांब्या उचलवत नाही तेव्हाही नुसतीच बसते. कुठली शाखा ते काकूंना कसं कळायचं?

पण मलाही कुठे कळतंय! हायसं वाटलं ते दमले म्हणून, की या कामावरून मन उडालं म्हणून? दमले असेन तर ठीक आहे, गोळ्यांचा डोस बदलतो, कोल्हापूरची पुढची तारीख येते, चार दिवस बरे निघतात. मन उडालं असेल तर मग मी कोण? परसातल्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसणारी, स्टेरॉईडने तोंड सुजलेली आमच्याकडची ती. दुपारी पंख्याखाली पडून जरा रडून घेतलं. आई येऊन गेली, बोलली काही नाही, पन्ह्याचा पेला ठेवून गेली. दादाचाही फोन आला होता. त्याबद्दल आज नको.

संध्याकाळी लाइट गेली. पंखा बंद, झोप अशक्य, बॅटरी शिल्लक होती, म्हणून मसुदा उघडला. नजर टाकायची तर टाकून मोकळं व्हावं.

पोराने सगळीकडे पहिलीच शाखा घेतलीय.

स्फोटाच्या अगोदर ठीक. ओसरल्यावर ठीक. पण ऐन माथ्यावर, जिथे नोंदी मधेच खाली बसतात, तिथेही त्याने बेताचं उत्तर उचललंय. वेळेचा प्रत्येक तुकडा सुटा घेऊन सोडवलाय ना, मग दुसरं काय होणार. सुट्या तुकड्याला विचारून शाखा कळत नाही. स्फोटाच्या आधीपासून चालत यावं लागतं, चढ कुठे संपला आणि उतार कुठे लागला ते बघत. नाहीतर कमी संवेदनशील असं दुसरं उपकरण शेजारी धरून ताडून बघावं लागतं. आलेख इतका गुळगुळीत आलाय की सरांनाही शंका आली नसणार.

मनात पहिला विचार काय आला असेल? न बोलले तर? कुणाला कळणार आहे! दुसरा, हे नीट करायला किमान पंधरा दिवस जातील, तेही माझेच. म्हणजे ती सुटका दुपारपासून संध्याकाळपर्यंतच टिकली. मला हसायलाच आलं. अंधारात एकटीच हसतेय म्हणून आई कंदील घेऊन बघायला आली. "काय गो?" म्हटलं, "काही नाही, एका मुलाने माथा बुडवलाय." ती "बरं" म्हणून गेली. या घरात माझ्या कामाबद्दल कुणी उलटून विचारत नाही, त्यात सोय आहे.

रेंज फक्त मागच्या दारात. तिथे उभं राहून त्याला लिहिलं, दुसरी शाखा बघितलीस का? लगेच उत्तर. ताई, कुठे? आत्ता कॉल करू? साडेदहा वाजले होते. या पोरांना झोप म्हणून नसते. म्हटलं, उद्या उन्हं कलल्यावर, आणि जुना कोड पुसून टाकू नकोस, त्यातलं बरंच कामाचं आहे. त्याने अंगठा पाठवला.

म्हणजे उद्या दिवसभर रातांबे बंद, बोटं टायपिंगला राखून ठेवायला हवीत. तीन पाट्या अजून फोडायच्या राहिल्यात. आईला काय सांगायचं ते सकाळी बघते.