तुम्ही विचारलंत म्हणून: लॅपटॉपबाहेरचे डबे

एकांकिका करणारी कॉलेजची मुलं तालमीनंतर पार्श्वसंगीत ऐकायला घरी येतात, टेबलाकडे बघतात आणि हातातलं पाणी संपायच्या आत विचारतात, "ताई, सिंथ सगळे लॅपटॉपमध्ये, रिव्हर्ब-डिलेही लॅपटॉपमध्ये. मग हे डबे कशाला?" (सिंथ म्हणजे सूर तयार करणारं वाद्य, माझ्याकडे ते सॉफ्टवेअरच आहे; डिले म्हणजे सुराचा थोड्या वेळाने परत येणारा प्रतिध्वनी, आणि रिव्हर्ब म्हणजे मोठ्या खोलीत येतो तसा घुमारा.) डबे म्हणजे गिटारसाठीचं एक जुनं ॲनालॉग डिलेचं पेडल, एक रॅकमधला रिव्हर्ब आणि री-ॲम्प बॉक्स नावाची एक मुखदुर्बळ पेटी, जिच्यावर दिवासुद्धा लागत नाही. मी नेहमी "आवाज वेगळा येतो रे" म्हणून चहा टाकायला उठते. हे उत्तर अर्धंच खरं आहे, म्हणून आता एकदा बैजवार सांगते.

आधी खरा नसलेला अर्धा भाग. मध्यंतरी मी भाच्याला बसवलं आणि त्याच्याकडून स्वतःची परीक्षा घेतली. एकच सूर, एकदा पेडलमधून आणि एकदा त्याच जातीच्या डिलेच्या प्लगइनमधून, म्हणजे लॅपटॉपमधल्या जोड-सॉफ्टवेअरमधून, पातळी सारखी केलेली. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी पाच आलेच असते. तेव्हा कोणी तुम्हाला "हार्डवेअरची ऊब वेगळीच" असं डोळे मिटून सांगायला लागलं, तर त्यालाही एकदा अशा भाच्यासमोर बसवा.

मग पेडल विकलं का नाही? हातांमुळे. सॉफ्टवेअर सिंथला एकदा मिडी, म्हणजे कुठला सूर कधी वाजवायचा याची यादी, लिहून दिलं की तो वाजवत राहतो, शंभरदा लावा, शंभरदा तेच. म्हणजे वाजवायचं काम लॅपटॉपचं, आणि माझे दोन्ही हात रिकामे. समजा प्रसंग असा आहे की बाई दार उघडते आणि बाहेर कोणी नसतं. मी सर्ज एक्सटीमध्ये एक लांब, साधा सूर ठेवते. (हा सिंथ फुकट मिळतो, मुलांनी तो लगेच उतरवून घ्यावा.) पडद्यावर तालमीचा व्हिडिओ लावते. डावा हात पेडलच्या रिपीटवर (प्रतिध्वनी किती वेळा यायचा तो नॉब), उजवा टाइमवर (किती वेळाने यायचा तो). बाईची मान वळायला लागली की रिपीट वाढवत न्यायचा. एका टप्प्यानंतर डिले स्वतःलाच खायला लागतो, प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा मोठं येतं, आणि फुटायच्या अगदी आधी हात मागे घ्यायचा. टाइमचा नॉब सूर चालू असताना फिरवला तर सूर मींड घेतल्यासारखा घसरतो. आठ-दहा वेळा करायचं, सगळी रेकॉर्ड करायची आणि त्यातली एक ठेवायची. ती कुठली, ते बाईचा चेहरा सांगतो. माउसने ऑटोमेशनच्या, म्हणजे नॉब कधी किती फिरायचा ते सांगणाऱ्या, रेषा ओढून मी हेच करून पाहिलं आहे. तीन तास लागले आणि रेषा ओढल्यासारखंच ऐकू आलं.

हुशार मुलं इथे अडवतात: "मग नॉबवाला मिडी कंट्रोलर घ्या आणि प्लगइनच फिरवा." बरोबर आहे. पैसे नसतील तर तेच करा, बराचसा फायदा पदरात पडतो. जे उरतं ते त्या डब्यातल्या चिपचं आडमुठेपण. ॲनालॉग डिलेमध्ये बकेट ब्रिगेड नावाची चिप असते. १९६९मध्ये फिलिप्सच्या प्रयोगशाळेत ही कल्पना निघाली, आणि नाव अगदी चपखल आहे: आग लागल्यावर माणसं रांग करून हातोहात बादल्या देतात, तसा विजेचा भार एका कपॅसिटरकडून दुसऱ्याकडे सरकवत नेतात. रांगेत हजारो घरं असतात. पाणी हिंदकळतंच. रांग जितकी सावकाश चालवाल तितका डिले लांबतो आणि वरचे सूर कापावे लागतात, म्हणून लांबचा प्रतिध्वनी अंधारलेला येतो. माझ्या पेडलमध्ये तीनशे मिलिसेकंदांच्या पुढे काही नाही, आणि तिथे तर तो गोधडीखालून बोलल्यासारखा येतो. सॉफ्टवेअर सिंथचा सूर घासलेल्या स्टीलच्या भांड्यासारखा लख्ख असतो. त्याला ही गोधडी मानवते.

लहानपणी गाणं शिकायला जायचे तिथे मिरजेचा तंबोरा होता. गाण्याच्या बाई आधी सूर लावायच्या आणि मग घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसाकेसाने सरकवत राहायच्या. एका जागी तार एकदम बोलायला लागायची. सूर तोच, पण आता खोलीभर. जवारी लागली म्हणायच्या. सिंथच्या मागे काय लावायचं हे ठरवताना मी अजूनही तो दोराच शोधत असते, आणि तो दर वेळी एकाच जागी सापडत नाही.

म्हणूनच तारा जोडायच्या आधीचं पहिलं काम: सिंथमधले स्वतःचे इफेक्ट बंद करा. हल्लीचा बहुतेक प्रत्येक प्रीसेट, म्हणजे सिंथमध्ये तयार मिळणारा आवाज, रिव्हर्ब, डिले, कोरस (सूर जाड करणारा इफेक्ट) अंगावर लेवूनच येतो, कारण दुकानात तो चांगला दिसायला हवा. हे नेहमी असं नव्हतं. १९८३चा यामाहा डीएक्स७ हा सिंथ कोरडाठाक होता, त्याला बाहेरूनच सजवावं लागे. १९८७च्या रोलंड डी-५०मध्ये रिव्हर्ब आणि कोरस पेटीतच आले, आणि तेव्हापासून उघडा सूर ऐकायची आपली सवय सुटत गेली. रिव्हर्बवर पेडल लावलंत तर चिखल होतो. उघडा सूर पाठवा.

आता जोडणी. इथे मुलांचे डोळे दुसरीकडे वळतात, पण नव्वद टक्के रडगाणी इथलीच असतात. ऑडिओ इंटरफेसला, म्हणजे लॅपटॉपमधला आवाज आत-बाहेर नेणाऱ्या पेटीला, किमान चार आउटपुट हवेत. एक-दोन स्पीकरला जातात, तीन-चारपैकी एक पेडलकडे, आणि पेडलचं आउटपुट इंटरफेसच्या इनपुटला परत. दोनच आउटपुटचा इंटरफेस असेल तर हा खेळ फार कष्टाचा होतो. हेडफोनचं आउटपुट वेगळं चालवता येत असेल, तर मात्र त्यातूनही पाठवता येतं.

पहिलं भांडण पातळीचं. स्टुडिओच्या यंत्रांची नेहमीची पातळी +४ डीबीयू, म्हणजे साधारण १.२३ व्होल्ट, आणि इंटरफेस पूर्ण जोरात असला तर त्याच्याही बराच वर जातो. पेडल बनवलं गिटारसाठी. गिटारच्या पिकअपमधून सहसा त्याच्या काही अंशच येतं. नऊ व्होल्टवर चालणाऱ्या त्या बिचाऱ्याच्या तोंडावर अग्निशामक दलाचा पाइप सोडल्यासारखं होतं आणि सगळं कर्कश फाटतं. सोपा उपाय म्हणजे पाठवतानाच पंधरा-वीस डेसिबल खाली आणायचं. पण मग इंटरफेसची खरखर तेवढीच राहते आणि सूर तिच्या जवळ जातो. म्हणून ती मुखदुर्बळ पेटी. री-ॲम्प बॉक्समध्ये इंटरफेसमधून सूर जोरात घ्यायचा आणि पेटीने तो गिटारच्या मापाचा करून द्यायचा. तिच्यातला ट्रान्सफॉर्मर दोन्हीकडची जमीन, म्हणजे अर्थिंग, वेगळी ठेवतो, हा तिचा दुसरा आणि माझ्या मते मोठा गुण.

कारण दुसरं भांडण जमिनीचं. लॅपटॉपचा चार्जर, इंटरफेस, पेडलचा अडॅप्टर, सगळं एकमेकांना तारांनी जोडलं की अर्थचं वर्तुळ तयार होतं आणि स्पीकरमधून घुमायला लागतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे घुमणं ५० आणि १०० हर्ट्झला. १०० म्हणजे खालच्या पट्टीतल्या पांढरी पाचपेक्षा थोडा चढा. पांढरी पाचमध्ये काही केलं की माझ्या घरात तो बेसूर तंबोरा साथीला बसायचा. वर एक बारीक चिंऽऽ, जी माउसने पान खालीवर केलं की बदलायची. ती लॅपटॉपच्या पोटातली. कोणीतरी अनुभवी गृहस्थ तुम्हाला सांगतील की चार्जरची अर्थची पिन काढून टाका, लगेच थांबेल. थांबेलही. पण ती पिन तुमच्या जिवासाठी आहे, आवाजासाठी नाही. तिला हात लावू नका. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या, पेडलला वेगळा आयसोलेटेड सप्लाय द्या, मधे ट्रान्सफॉर्मर घाला. माझी चिंऽऽ ट्रान्सफॉर्मरने गेली.

वायर मी पुण्यातल्या तपकीर गल्लीतून आणते. मागे तिथे एका काकांना म्हटलं, एका टोकाला स्टीरिओ जॅक, दुसऱ्याला मोनो, पाच फूट, रिंग, म्हणजे स्टीरिओ जॅकचं मधलं कडं, कशालाच जोडायची नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "गाणं म्हणायचंय का बॉम्ब करायचाय?" मग सोल्डर करून, ओढून बघून दिली. ती अजून चालते आहे. त्याच सुमाराला घेतलेली महागडी तयार वायर मात्र वर्षभरात गेली.

तिसरं भांडण वेळेचं. सूर लॅपटॉपमधून बाहेर जातो आणि परत येतो, त्यात उशीर होतो. लॅपटॉप आवाजाचा एक तुकडा जमवून मगच पुढे पाठवतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. माझ्याकडे ४८ किलोहर्ट्झ आणि २५६ सॅम्पलचा बफर असतो, म्हणजे जाताना सव्वापाच-साडेपाच मिलिसेकंद, येताना तेवढेच, वर आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या कन्व्हर्टरचे थोडे. एकूण बाराच्या आसपास. एकट्याने ऐकलं तर कळतही नाही. पण मूळ सूर आत वाजत असताना त्यावर परत आलेला सूर पडला की पत्र्याच्या पिंपात बोलल्यासारखं पोकळ होतं. यावर तयार औषध आहे. मी रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरते, त्यात रीइन्सर्ट नावाचं प्लगइन आहे. तशाच एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट, लॉजिकमध्ये आय/ओ नावाचं प्लगइन. पेडल बाजूला ठेवून आउटपुटची वायर सरळ इनपुटला लावायची आणि पिंगचं बटण दाबायचं (लाइव्हमध्ये ते नाही, तिथे उशीर हाताने भरायचा). एक टक् जाते, परत येते, उशीर मोजला जातो आणि पुढे सगळं जुळवून घेतलं जातं. बफर बदललात की पुन्हा मोजा. मी विसरते.

पेडल मोनो आहे, हेही लक्षात असू द्या. डावी-उजवीकडे पसरलेला सूर त्यात गेला की एका नळीतून बाहेर येतो. मला ते आवडतं. नाटकात आवाज कुठूनतरी यायला हवा, सगळीकडून नव्हे.

आता माझी फजिती. सुरुवातीला मी रीइन्सर्ट न वापरता तारांचं राउटिंग हातानेच केलं होतं, पेडलचा आवाज एका ट्रॅकवर थेट ऐकत. भरत नाट्य मंदिरात स्पर्धेच्या आदल्या रात्री सगळे तुकडे पटापट एक्सपोर्ट केले. लॅपटॉप असं काम वेगाने उरकतो, चार मिनिटांचं गाणं वीस सेकंदांत. पेडलला कोण सांगणार? त्याला चार मिनिटांना चार मिनिटंच लागतात. फायलीत फक्त कोरडा सूर उतरला. मी ऐकून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी रंगमंचावर दार उघडलं, आणि जिथे घर हादरायचं तिथे एकच "पीं" वाजून थांबलं. प्रेक्षकांत कोणीतरी मोबाइल तपासला. तेव्हापासून माझा नियम: पेडलमधून गेलेलं सगळं त्याच बैठकीत ऑडिओ म्हणून छापून घ्यायचं, आणि नॉबचा फोटो काढायचा. फोटो का, तर टेबलावर फडकं मारलं की रिपीट दोनच्या जागी चारवर जातो आणि तो आवाज पुन्हा सापडत नाही. हा फोटोचा धडा वेगळ्या फजितीतला आहे, ती राहू दे.

"पण ताई, आमच्याकडे पेडलच नाही." मग न्हाणीघर आहे ना? १९४७मध्ये शिकागोत बिल पटनम या ध्वनिमुद्रकाने स्टुडिओच्या बाथरूमचा प्रतिध्वनी रेकॉर्डवर घेतला आणि ती रेकॉर्ड तुफान खपली. आमच्या न्हाणीघरात तिन्ही भिंतींना छतापर्यंत टाइल्स आहेत. एक छोटा बॅटरीवरचा स्पीकर बादली पालथी घालून तिच्यावर ठेवायचा, तोंड कोपऱ्याकडे. माइक दाराजवळ, त्याची पाठ स्पीकरला. लॅपटॉपचं तीन नंबरचं आउटपुट स्पीकरला, माइक इनपुटला, आणि पिंग. हाही हार्डवेअर इफेक्टच आहे, पिन नाही, अडॅप्टर नाही. बादली भरलेली असेल तर आवाज थोडा बसतो, दारामागे टॉवेल लटकत असेल तर आणखी. नळ थेंबभरही गळता कामा नये. एका तुकड्यात आमच्या नळाचा एक थेंब आहे. दिग्दर्शकाला तो इतका आवडला की त्याने तिथे नटाला वळायला लावलं.

सध्या मीही तेच करते आहे. कारण हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी एकजण ते पेडल "ताई, फक्त दोन दिवस" म्हणून दिवाळीत घेऊन गेलाय. त्यामुळे सकाळी नऊच्या आत कोणी आलात तर हाक मारू नका. पाणी जायच्या आत आंघोळी उरकून मी आत स्पीकर लावलेला असतो.