फोल्डरवरची प्रश्नचिन्हं

विंडोज सोडून मॅक घेतला. फोटो सांभाळायचं आणि एडिट करायचं सॉफ्टवेअर लाइटरूम क्लासिक नव्या मॅकवर उघडलं आणि डावीकडच्या यादीत प्रत्येक फोल्डरवर प्रश्नचिन्ह. "फोटो गेले सगळे?" शेजारून प्रश्न.

गेले कुठेच नाहीत. नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या पेटीवर, जिथल्या तिथे आहेत. कॅटलॉगला, म्हणजे कुठला फोटो कुठे आहे आणि त्यावर काय एडिट केलंय याच्या लाइटरूमच्या नोंदवहीला, मात्र विंडोजचा 'झेड:' ड्राइव्हच पाठ, आणि मॅकवर नॅसवरचं तेच शेअर (नेटवर्कवरचं सामायिक फोल्डर) '/व्हॉल्यूम्स/फोटो' या नावाने येतं. पत्ता बदलला की लाइटरूम बिचारं भांबावतं.

अशा वेळी एकेक फोल्डर शोधत बसायचं नाही. राइट-क्लिक करून 'शो पॅरेंट फोल्डर', मग सगळ्यात वरच्या फोल्डरवर 'फाइंड मिसिंग फोल्डर'. आतली रचना तीच असेल तर खालचे एका दमात जुळतात. घाबरून पुन्हा इम्पोर्ट केलं, की झालाच घोळ: एडिट केलेल्या जुन्या नोंदी एकीकडे, कोऱ्या नव्या दुसरीकडे.

कॅटलॉगची एलआरकॅट फाइल (.lrcat) मात्र मॅकच्या स्वतःच्या किंवा थेट जोडलेल्या डिस्कवर हवी. नेटवर्क ड्राइव्हवरून लाइटरूम ती उघडतच नाही. विंडोज सोडण्याआधी सगळं एक्सएमपीत (फोटोसोबत एडिटच्या नोंदी ठेवणाऱ्या स्वरूपात) सेव्ह केलं म्हणून कॅटलॉग मागे सोडू नका, कलेक्शन्स (फोटोंचे गट) आणि व्हर्च्युअल कॉपीज (एकाच फोटोच्या वेगवेगळ्या एडिट) एक्सएमपीत येत नाहीत.

दोन दिवसांनी प्रश्नचिन्हं परत दिसली तर '/व्हॉल्यूम्स'मध्ये डोकावा. जुना माउंट (शेअरची आधीची जोडणी) अडकून राहिला असेल तर मॅक त्याच शेअरला गुपचूप 'फोटो-१' म्हणतो. लाइटरूम उघडं असेल तर बंद करा, शेअर इजेक्ट करून पुन्हा जोडा.

तुमच्याकडे कॅटलॉगचा बॅकअप फोटोंच्याच नॅसवर आहे का?