शॉकअपचे सील तीनदा बदलले, तरी गळती थांबेना

माझ्या दीडशे सीसीच्या गाडीच्या पुढच्या उजव्या शॉकअपमधून पहिल्यांदा ऑइल झिरपू लागले, तेव्हा मी ते किरकोळ काम समजलो. सील बदलून घेतले आणि तीनच आठवड्यांत शॉकअपच्या पाइपावर पुन्हा तेलकट कडे दिसू लागले. दुसऱ्या खेपेला दोन्ही बाजूंना कंपनीचेच सील बसवून घेतले. ते जेमतेम दीड महिना टिकले. तिसऱ्या दुरुस्तीनंतर काही दिवसांनी पन्हाळ्याहून वाघबीळकडे उतरत असताना पुढचा ब्रेक दाबूनही गाडी नेहमीसारखी थांबेना. शॉकअपचे ऑइल ओघळून डिस्कवर आणि पॅडवर आले होते. मागे माझी मुलगी बसलेली होती. गाडी कडेला घेऊन उभी केली तेव्हा माझे हात थरथरत होते, आणि गळतीचे खरे कारण सापडेपर्यंत मुलीला या गाडीवर बसवायचे नाही, असे मी तिथेच ठरवले.

ऑइल भिनलेले पॅड टाकून द्यावे लागले. ते पुसून किंवा कानशीने घासून पुन्हा वापरण्याचा सल्ला काही जणांनी दिला, पण पॅडमध्ये मुरलेले तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येते, त्यामुळे तो धोका मी पत्करला नाही.

त्यानंतर मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी सील मागवायच्या आधी दोन्ही पाइप बाहेर काढले, रॉकेलने धुतले, कोरडे केले आणि कापसाचा एक विरळ पुंजका पाइपावरून वरून खाली हळूहळू फिरवला. एका जागी कापसाचे तंतू अडकले. तिथे नख फिरवून पाहिले, तर बारीक खरखर लागली. उजेडात पाइप तिरका धरल्यावर साधारण बोटभर रुंदीचा एक पट्टा दिसला आणि त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळपट खड्डे होते. लांबून तोच पाइप आरशासारखा चकाकत होता.

ऑइल सीलची रबरी कड आतल्या बारीक स्प्रिंगच्या ताणाने पाइपाला सतत चिकटून असते आणि पाइप आतबाहेर होताना त्यावरचे ऑइल निपटत राहते. गंजामुळे पाइपावरच्या क्रोमच्या मुलाम्याला खड्डा पडला, की त्याची धार प्रत्येक हेलकाव्याला त्या कडेवर घासते. नवे सील काही दिवस तग धरते, मग त्याच्या कडेला चिरा पडतात आणि ऑइल वाट शोधते. हा पट्टा पाइपाच्या वरच्या टोकाला असता, तर सील तिथवर क्वचितच पोचले असते आणि कदाचित काही बिघडलेही नसते; पण गाडी उभी असताना सील नेमके जिथे टेकते, तिथेच तो होता, म्हणजे रस्त्यावरचा लहानसा खड्डासुद्धा सीलला त्याच जागेवरून ओढून नेत होता.

तो पट्टा पाहताच मला जुलै २०२१ चा महापूर आठवला. आमच्या शाहूपुरीतल्या इमारतीच्या पार्किंगमध्ये ही गाडी पाण्यात उभी होती. पाणी ओसरल्यावर आम्ही इंजिन ऑइल दोनदा बदलले, कार्बोरेटर आणि एअर फिल्टर साफ केले, वायरिंग वाळवले. पुढच्या शॉकअपकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. ऑइल सीलच्या वर बसणाऱ्या डस्ट सीलखाली अडकलेला गाळ आणि ओल क्रोमला लागून राहिली. मुळात डस्ट सील असते धूळपाणी बाहेर ठेवण्यासाठी, पण एकदा पाणी आत शिरले की ते तिथेच कोंडून राहते. बॉटममधून, म्हणजे पाइप ज्यात आतबाहेर होतो त्या खालच्या नळीतून, निघालेले जुने ऑइलही दुधाळ होते, म्हणजे पाणी आतवर गेले होते.

मिस्त्रींनी व्ही-ब्लॉकवर, म्हणजे इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यांवर, पाइप फिरवून डायल गेज या काटेवाल्या मापकाने वाकही तपासला. बऱ्याच कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये ०.२ मिमीची मर्यादा असते. माझे पाइप त्याच्या आत होते. जुन्याच पाइपांवर हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा नवा कठीण थर, चढवून घेण्याचा पर्याय होता, पण त्याचा खर्च नव्या जोडीच्या जवळ जात होता, म्हणून मी नवे पाइप घेतले.

जोडणीच्या वेळी मी शेजारीच उभा होतो. सीलच्या कडांना फोर्क ऑइल, म्हणजे शॉकअपमध्ये घालायचे ऑइल, चोळले, पाइपाच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी चढवून सील त्यावरून सरकवले आणि वर जुने सील ठेवून हलक्या ठोक्यांनी सरळ आत बसवले. सील जागेवर धरून ठेवणारी सर्क्लिप (तारेची कडी) खोबणीत बसल्याचा आवाज आल्यावरच त्यांनी पुढचे काम हाती घेतले. ऑइल मोजपात्राने मोजून शॉकअपच्या दोन्ही पायांत सारखे घातले. मागच्या वेळी ते अंदाजाने ओतले गेले होते. ऑइल जास्त झाले की वरची हवेची जागा कमी होते आणि शॉकअप दबताना वाढलेला दाब सीलवरच येतो. चाक बसवल्यावर एक्सलचा शेवटचा बोल्ट आवळण्यापूर्वी ब्रेक धरून शॉकअप चार-पाच वेळा दाबले, म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत येतात.

आता एक पूर्ण पावसाळा गेला. दर रविवारी मी पांढऱ्या फडक्याने पाइप पुसतो आणि फडके कोरडेच निघते. मुलगीही पुन्हा मागे बसू लागली आहे.

गेल्या आठवड्यात त्याच पार्किंगमधल्या, त्याच पुरात बुडालेल्या शेजारच्या काकांच्या गाडीचे डस्ट सील मी त्यांना विचारून वर सरकवून पाहिले. अजून थेंबभरही गळती नाही, पण खाली तसाच बोटभर तपकिरी पट्टा आहे.